सांधेबंदी: डिचोली-पेडण्यातील इंजिने आणि सीलंटचा इतिहास

मोटारीचे इंजिन एका ओतकामात तयार होत नाही. खाली ब्लॉक, त्यावर हेड, हेडवर टॅपेट कव्हर, पुढे टायमिंग कव्हर, बुडाशी तेलाचे चेंबर, बाजूला वॉटर पंप असे भाग बोल्टांनी आवळलेले असतात. जितके भाग, तितके सांधे. धातू कितीही घासून सपाट केला तरी त्यावर डोळ्यांना न दिसणारे चर राहतातच. शिवाय इंजिन तापले की अॅल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून लोखंडी ब्लॉकवरचे अॅल्युमिनियमचे हेड प्रत्येक फेरीत केसभर सरकते आणि थंड झाल्यावर परत येते. या फटीतून तेल झिरपते, पाणी तेलात उतरते किंवा सिलिंडरमधला दाब निसटतो. फट बुजवण्यासाठी मध्ये ठेवलेला कापीव थर म्हणजे गॅस्केट, गॅरेजच्या बोलीत पॅकिंग. त्या थराला साथ देणारा किंवा त्याची जागाच घेणारा लेप म्हणजे सीलंट.

गोव्याच्या उत्तरेकडील डिचोली आणि पेडणे या तालुक्यांत या पॅकिंगचा आणि लेपाचा इतिहास खाण, नाकेबंदी आणि पाऊस या तिघांशी बांधलेला आहे. त्यातून एकच कल दिसतो. शंभर-सव्वाशे वर्षांत सांध्यातला थर पातळ होत गेला आणि तो पातळ झाला तसे लेपाच्या जाडीचे महत्त्व घटून पृष्ठभागाच्या सफाईचे वाढले. बाजारात मात्र समजूत उलटी राहिली. गळती दिसली की जास्त आणि जाड लेप लावावा, ही सवय अजून मोडलेली नाही.

इंजिन येण्याच्या आधीही या भागात सांधे बंद करणारे कारागीर होते, ते होड्यांचे. डिचोली नदीवरचे बंदर मांडवीला जोडलेले होते आणि घाटमाथ्यावरून उतरणारा माल तेथे होडीत चढत असे. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा या दोन नद्या वाहतात. फळ्यांच्या फटीत कापूस किंवा काथ्या ठासायचा आणि वरून तेलात कढवलेली राळ भरायची, ही कोकण किनाऱ्याची जुनी रीत. तिच्यात एक तत्त्व होते, जे पुढे इंजिनालाही लागू पडले. भरणीचा तंतू दाब सोसतो आणि चिकट द्रव उरलेली बारीक छिद्रे बुजवतो. एकट्या राळेने फट धरत नाही, एकटा कापूस पाणी थांबवत नाही.

वाफेची यंत्रे गोव्यात आली ती प्रामुख्याने मुरगावच्या बाजूने. मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आलेल्या नव्या काबिजादीतले डिचोली आणि पेडणे या मार्गापासून लांबच राहिले. तेथपर्यंत वाफ पोचली ती नदीतल्या लाँचमधून. वाफेच्या नळांचे सांधे तेव्हा जगभर एकाच पद्धतीने बंद होत. शेंदूर आणि सफेदा, म्हणजे शिशाची लाल आणि पांढरी भस्मे, अळशीच्या तेलात मळून त्यांचा लगदा करायचा, तो तागावर थापायचा आणि फ्लँज आवळायची. अळशीचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि शिशामुळे ती क्रिया वेगाने होते. सांधा पक्का बसे, पण तो उघडायचा म्हणजे छिन्नी-हातोडा हवा. शिसे विषारी आहे, हे तेव्हाच्या कारागिराच्या हिशेबात नव्हते. सफेदा आणि सुतळी ही जोडी नळजोडणीच्या कामात पुढे कित्येक दशके टिकून राहिली. मोटारीच्या इंजिनाला मात्र ती चालली नाही. तेथे थर जाड होऊन चालत नाही, आणि पेट्रोलसारखे द्रव शोषून घेणारा किंवा विरघळणारा लेपही उपयोगाचा नसतो.

ही अडचण दूर केली ती लाखेने. छोटा नागपूरच्या पट्ट्यात पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पण पेट्रोलला आणि तेलाला दाद देत नाही. कागदाच्या पॅकिंगला ब्रशने शेलॅक लावले की स्पिरिट उडून जाते आणि मागे एक पातळ, चिकट पापुद्रा राहतो. अमेरिकेत १९०९ मध्ये ब्रुकलिनला सुरू झालेल्या परमॅटेक्स कंपनीने असे लेप बाटलीत भरून मोटारवाल्यांना विकले आणि ‘गॅस्केट शेलॅक’ हा शब्द जगभरच्या गॅरेजांत रुळला. भारतातली लाख परदेशी जाऊन बाटलीतून परत येत होती.

त्याच काळात चेंबरला आणि टॅपेट कव्हरला बुचाचे पॅकिंग लागत असे. दाबले की बूच बाजूला पसरत नाही, स्वतःतच आक्रसते, म्हणून वेड्यावाकड्या पत्र्याच्या कडेवरही ते बसते. जगातल्या बुचाचे सर्वांत मोठे उत्पादन पोर्तुगालमध्ये होते. भारताची लाख आणि पोर्तुगालचे बूच या दोन वस्तूंवर त्या वेळच्या अनेक इंजिनांची बरीच सांधेबंदी उभी होती आणि गोवा या दोन्ही देशांच्या मधोमध सापडलेला होता, हा योगायोग गमतीचा आहे.

हेडची गोष्ट वेगळी. तेथे साध्या डिझेल इंजिनातही ज्वलनाच्या क्षणी हवेच्या दाबाच्या ऐंशी-शंभर पट दाब उठतो. बूच आणि कागद तेथे जळून जातात. म्हणून तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉसचा थर घालून केलेले गॅस्केट आले. सिलिंडरच्या तोंडाभोवती धातूची वळलेली कड असे, आणि ती कड दाबली गेली की दाब अडे. अशा गॅस्केटला शेलॅक लावायचे की नाही, यावर गॅरेजांत एकमत कधीच झाले नाही. काही जण ग्रीसचा हात फिरवत, काही सिल्व्हर पेंट मारत. बहुतेक उत्पादकांचे म्हणणे कोरडे बसवा असे होते, आणि ते बरोबर होते. हेडमध्ये सीलिंगचे काम बोल्टांच्या ताणाचे असते, लेपाचे नसते.

गोव्यातल्या मोटारींची परिस्थिती ब्रिटिश हिंदुस्थानापेक्षा निराळी होती आणि १९५५ नंतर ती आणखी निराळी झाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीच्या नाक्यावर सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने सीमा आवळली आणि सावंतवाडी-बांद्याकडून पेडण्यात येणारा माल थांबला. गोव्याच्या आत मात्र परदेशी वस्तूंना अटकाव नव्हता. मुरगाव बंदरातून युरोपी मोटारी सरळ येत, आणि डिझेलवर चालणाऱ्या मर्सिडीज टॅक्सी हे त्या काळच्या गोव्याचे वैशिष्ट्यच होते. मूळ कंपनीचे गॅस्केट सेट आणि लेपाच्या ट्यूबा त्याच बंदरातून मिळत. पत्रादेवीच्या पलीकडच्या गॅरेजवाल्याला यातले काहीही सहज मिळत नसे.

१९ डिसेंबर १९६१ नंतर चित्र उलटले. गोवा भारतात आला तशी भारताची आयात परवान्याची पद्धतही लागू झाली. रस्त्यावरच्या गाड्या परदेशी, आणि त्यांचे सुटे भाग आता परवान्याशिवाय येईनात. येथून पुढची वीस-पंचवीस वर्षे गोव्यातल्या मिस्त्रीच्या हातकौशल्याची होती, कारण पॅकिंग हाताने कापण्यावाचून इलाज नव्हता.

ही कापणी जवळून पाहण्यासारखी आहे. ज्या भागाचे पॅकिंग हवे तो भाग, समजा वॉटर पंपाची बैठक, धुऊन, खरवडून बाकावर ठेवायचा. त्यावर पॅकिंगचा कागद किंवा जॉइंटिंगचा पत्रा पसरायचा आणि तो हलू नये म्हणून ग्रीसचा एक ठिपका द्यायचा. मग गोल डोक्याच्या लहान हातोडीचा गोल भाग बोल्टच्या भोकावर हलकेच ठोकायचा. भोकाच्या धारेने कागद कापला जातो आणि टिकली खाली पडते. पहिल्या भोकात लगेच बोल्ट घालून कागद धरून ठेवायचा, मग समोरचे भोक, मग उरलेली. भोके झाली की हातोडीच्या सपाट तोंडाने कडेकडेने ठोकत जायचे. धार कागद कुरतडत जाते आणि शेवटी बैठकीच्या आकाराचे पॅकिंग हातात येते. घाव जोराचा पडला तर कागदासोबत अॅल्युमिनियमची धारही दबते आणि नंतर तेथूनच पाणी गळते. म्हणून हातोडी कोपरातून नव्हे, मनगटातून चालली पाहिजे. कागद कोणता, हाही निवडीचा भाग होता. पाण्याला जाड, तेलाला पातळ, पेट्रोल पंपाला तेलकट कागद. ज्या ठिकाणी पॅकिंगची जाडी बदलली की आतले अंतर बदलते, उदाहरणार्थ डिझेल पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या बैठकीत, तेथे मूळ जाडी मोजल्याशिवाय कापायचे नाही. असे पॅकिंग कापून वर शेलॅकचा हात दिला की सांधा बहुधा धरत असे.

तांब्याचे वॉशर तर टाकूनच देत नसत. एकदा दाबलेले तांबे कडक होते आणि दुसऱ्यांदा बसत नाही. ते भट्टीवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होते. पोलाद असे केल्यावर कडक होते, तांबे मऊ. इंजेक्टरखालचा आणि तेलाच्या नटाखालचा वॉशर अशा रीतीने दोन-तीनदा वापरला जाई.

त्याच सुमारास डिचोली तालुक्यात इंजिनांची संख्या झपाट्याने वाढत होती, आणि कारण मोटारी नव्हते, खाणी होते. पोर्तुगीजांचा खाण कायदा १९०६ चा असला तरी लोहखनिजाची खरी निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. जपानी पोलाद उद्योगाला खनिज हवे होते, आणि खरेदीदारांनी यंत्रसामग्रीसाठी कर्जही पुरवले. शिरगाव, पाळी, वेळगे, सुर्ला, साखळीचा परिसर येथून निघालेले खनिज ट्रकने सारमानस, आमोणे अशा धक्क्यांवर जाई. तेथून बार्जमधून मांडवीने आणि पावसाळ्यात आग्वादची वाळूची दांडी बंद असली की कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला. खाणीतले शॉव्हेल आणि डंपर, रस्त्यावरचे ट्रक, नदीतले बार्ज ही सगळी डिझेल इंजिने होती. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी केलेला करार १९६९ पर्यंत चालला. त्यातून निघालेले टाटा-मर्सिडीज ट्रक मुक्तीनंतर गोव्यात आले तेव्हा ज्या मिस्त्रींचा हात आधीच्या मर्सिडीजवर बसला होता त्यांना ते ओळखीचेच वाटले असणार. पुण्यात १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स उभी होती. त्यामुळे सुट्या भागांचा ओघ बंदराकडून घाटाकडे वळला.

खाणीच्या धुळीने सीलंटच्या कामाला एक स्थानिक अट घातली. लोहखनिजाची लाल धूळ पिठासारखी बारीक, पण अपघर्षक असते. तेलकट जागी ती चिकटून लेप होते, आणि इंजिन उघडताना सांध्याच्या कडेला साचलेली तीच धूळ आत पडते. म्हणून इंजिन उतरवण्याआधी ते बाहेरून धुऊन घेणे ही डिचोलीत चैन नव्हती, कामाचाच भाग होता. स्वच्छ केलेल्या बैठकीवर वाऱ्याने पुन्हा धूळ बसली तर शेलॅकखाली ती कायमची अडकते आणि बोल्ट कितीही आवळला तरी तेथे सूक्ष्म नळी तयार होते. ऑइल सीलच्या ओठांखाली हीच धूळ गेली की शाफ्टवर चर पडतो. मग नवे सील बसवूनही तेल थांबत नाही, आणि दोष मात्र सीलच्या माथी जातो.

पावसाळ्याचा संबंध वेगळा. जून ते सप्टेंबर खाणकाम आणि जहाजभरणी थंडावत असे. हंगामात उभ्या न राहिलेल्या ट्रकचे इंजिन या चार महिन्यांत उतरे. इंजिन बांधण्याचा हाच काळ. पण शेलॅकसाठी हवा याहून वाईट असू शकत नाही. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले पाणी जमते, लेप पांढुरका होतो आणि नीट सुकत नाही. त्यावर उपाय म्हणजे पातळ हात, दोन वेळा, आणि मध्ये पॅकिंग गरम जागी ठेवणे. घाई करून ओल्या शेलॅकवर भाग बसवला तर पॅकिंग घसरून कड बाहेर येते.

मुक्तीनंतर टॅक्सीच्या थांब्यांवर अॅम्बॅसिडर आणि फियाट आल्या. अॅम्बॅसिडरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या आराखड्याचे होते. चेंबरला आणि बाजूच्या टॅपेट झाकणांना बुचाचे पॅकिंग, आणि क्रँकच्या मागच्या टोकाला सीलच नाही, फक्त तेल परत आत ढकलणारा आट्यासारखा चर. ती गाडी तेल ठिबकवणार हे तिच्या रचनेतच होते. तरी मागून तेल दिसले की चेंबर खोलून दुप्पट शेलॅक थापणारे मिस्त्री कमी नव्हते. जुन्या जीपमध्ये मागच्या बेअरिंगला ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे सील होते. ती आधी तेलात भिजवून, खाचेत ठासून, टोके पात्याने सपाट कापावी लागत. होडीच्या फटीत कापूस ठासणाऱ्याला हे काम समजावून सांगावे लागले नसते.

शेलॅकचे दोषही याच वर्षांत उघड झाले. कालांतराने ते ठिसूळ होते आणि इंजिनाच्या कंपनाने तडकते. भाग उघडताना पॅकिंग फाटते आणि अर्धे एका बाजूला, अर्धे दुसऱ्या बाजूला चिकटून बसते. ते खरवडण्यासाठी हॅकसॉ ब्लेडचा तुकडा किंवा पटाशी घेतली जाई. ओतीव लोखंडाने हा मार सोसला. खरवडलेली पॅकिंगे बरेचदा अॅस्बेस्टॉसची असत आणि ती कोरडी खरवडून फुंकर मारली की धूळ फुप्फुसात जाई. या धंद्याने मोजलेली ही किंमत फार उशिरा लक्षात आली. न सुकणारा लेप हा एक पर्याय होता. रोल्स-रॉइसच्या विमान इंजिनांसाठी १९५० च्या दशकात तयार झालेले निळे हायलोमार कायम चिकट राहते आणि भाग सहज सुटतो. पण ते महाग होते आणि तालुक्याच्या दुकानात ते क्वचितच दिसे.

रसायनशास्त्राने दिलेली दोन मोठी साधने साधारण एकाच पिढीत आली. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये असा द्रव तयार केला जो हवेत द्रवच राहतो, पण धातूंच्या मध्ये हवा बंद झाली की घट्ट होतो. तोच पुढे लॉकटाइट नावाने प्रसिद्ध झाला. दुसरे साधन सिलिकॉनचे. सिलिकॉन स्वस्तात तयार करण्याची रीत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९४० मध्ये सापडली. तिच्यावरून पुढे ट्यूबमधून काढले की हवेतल्या ओलाव्याने रबर होणारा लेप आला. गॅरेजमध्ये त्याला आरटीव्ही किंवा नुसते सिलिकॉन म्हणतात. भारतात चेन्नईच्या अॅनाबाँडने असे लेप बनवायला घेतले आणि अनेक गॅरेजांत कंपनीचे नाव हेच वस्तूचे नाव झाले.

डिचोली-पेडण्यात या लेपांची खरी गरज पडली ती मारुतीमुळे. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये विकली गेली. तिचे हेड अॅल्युमिनियमचे होते आणि काही सांध्यांना कापीव पॅकिंग नव्हतेच, कंपनीने तेथे लेपच सांगितला होता. पटाशीने खरवडण्याची सवय येथे महाग पडली. अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तेवढी वाट तेलाला कायमची मोकळी. दुसरा बदल पुस्तकाचा. कोणत्या सांध्याला कोणता लेप, बोल्टला किती टॉर्क आणि कोणत्या क्रमाने, हे छापील येऊ लागले. डिचोली आणि पेडणे येथील सरकारी आयटीआयमधून शिकून आलेली मुले टॉर्क रेंच वापरू लागली, जुने मिस्त्री हाताच्या अंदाजावर राहिले. अंदाज वाईट नसे, पण अॅल्युमिनियममधले आटे एकदा सुटले की अंदाजाची किंमत कळे.

सिलिकॉनची निवड वरवर सोपी वाटते, पण तसे नाही. जुन्या प्रकारचे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो अॅसेटिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल तांबे, पितळ व नाजूक सेन्सर खाते. म्हणून इंजिनासाठी आम्ल न सोडणारे सिलिकॉन हवे. प्रदूषणाचे नियम कडक होत जाऊन भारत स्टेज ४ हे मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. नियम कडक होण्याच्या याच ओघात धुराड्यात ऑक्सिजन सेन्सर बसला, आणि सिलिकॉनमधून उडणारी वाफ इंजिनाच्या श्वासात मिसळली तर तो सेन्सर आंधळा होतो. तेव्हापासून ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेले आहे की नाही हे पाहणे आवश्यक झाले. सायलेन्सरच्या बाजूला जास्त ताप सोसणारे तांबड्या किंवा तपकिरी रंगाचे, तेलाच्या चेंबरला राखाडी किंवा काळे, अशी रंगांची रूढी आहे. पण रंग हा कंपनीचा संकेत असतो, गुणधर्माची हमी नव्हे. घासून एकमेकांत बसणाऱ्या जाड, ताठ फ्लँजना, जसे गिअरबॉक्सचे दोन अर्धे, लॉकटाइटच्या जातीचा लेप चांगला, कारण तो फटीइतकाच पातळ राहतो. वाकणाऱ्या पत्र्याच्या चेंबरला तो उपयोगाचा नाही. तेथे लवचीक सिलिकॉनच हवे. हेडच्या गॅस्केटला काहीच लावायचे नाही. अपवाद फक्त जेथे टायमिंग कव्हर, ब्लॉक आणि हेड असे तीन भाग एका बिंदूत भेटतात त्या कोपऱ्याचा. तेथे वाटाण्याएवढे सिलिकॉन द्यावेच लागते.

लावण्याची रीत अशी. दोन्ही कडा प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने साफ करायच्या, मग थिनर किंवा ब्रेक क्लीनरने पुसायच्या. पेट्रोलने पुसले की तेलाचा पातळ थर मागे उरतो, आणि सिलिकॉन तेलाला चिकटत नाही. गळणाऱ्या सांध्यांतले बरेचसे येथेच बिघडतात. ट्यूबच्या तोंडाला दोन-तीन मिलिमीटर जाडीची सलग वात निघेल एवढेच छिद्र पाडायचे. वात बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने न्यायची, म्हणजे बोल्टच्या आट्यांतून तेल बाहेर येत नाही. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर थोडे चढवायचे. मग भाग सरळ वरून ठेवायचा, इकडेतिकडे सरकवायचा नाही, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळायचे. लेपावर साय धरायच्या आत, साधारण दहा मिनिटांत, भाग बसला पाहिजे. येथे गोव्याचा पाऊस पुन्हा आड येतो, पण या वेळी उलट्या बाजूने. ओलाव्यानेच हा लेप सुकत असल्याने जुलैतल्या पेडण्यात साय लवकर येते आणि वेळ कमी मिळतो. आतला गर मात्र हवा न मिळाल्याने सावकाशच सुकतो, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून तेल दुसऱ्या दिवशी ओतायचे. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना ही अट पाळणे हेच या कामातले सर्वांत अवघड तंत्र आहे.

जादा लेपाचे नुकसान बाहेर दिसत नाही, आत होते. बाहेर आलेली वात माणूस बोटाने पुसतो, पण तेवढीच आत गेलेली असते. ती सुटून तेलात पडते, पंपाच्या जाळीवर जाऊन बसते आणि बेअरिंगला तेल कमी पडते. बाहेरून कोरडे ठाक दिसणारे इंजिन क्रँक घासून बसते. बोल्टच्या बंद भोकात तेल किंवा लेप भरून राहिला आणि वरून बोल्ट आवळला तर द्रव दबत नसल्याने ब्लॉकला तडा जातो. तडे गेलेल्या चेंबरवर एम-सीलचा लगदा लावून गाडी चालवणे हा वेगळाच, आणि अगदीच निरुपयोगी नसलेला, तात्पुरता उपाय होता व आहे.

१९९० च्या दशकात पोलादाच्या अनेक पातळ पत्र्यांचे हेड गॅस्केट आले आणि अॅस्बेस्टॉस मागे पडले. या गॅस्केटला बैठक इतकी गुळगुळीत लागते की तिच्यावरचे चर एक-सव्वा मायक्रॉनच्या आत राहावेत. ते काम हातातल्या पॉलिश पेपरने होत नाही. हेड मशीनवर फेस करूनच आणावे लागते. त्याच दशकात आमोण्यात कच्च्या लोखंडाचा कारखाना सुरू झाला. असे लोखंड लागते ते ओतशाळांना, आणि बेळगाव-कोल्हापूरच्या ओतशाळांत मोटारीचे भाग ओतले जातात. डिचोलीच्या मातीतून निघालेले लोखंड भागांच्या रूपाने डिचोलीच्या गॅरेजात परत येण्याची शक्यता त्यामुळे कल्पनेपुरती राहिली नाही.

खाणींनी वाढवलेला धंदा खाणींनीच थांबवला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते सशर्त सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून पुन्हा बंद पडले. डिचोलीतले ट्रक दारात उभे राहिले. उभे इंजिन चालत्यापेक्षा लवकर गळते. बूच वाळून आकसते, ऑइल सीलचा ओठ शाफ्टवर एकाच जागी बसून कडक होतो, जुने पाणी हेड गॅस्केटच्या कडा गंजवते, कागदाचे पॅकिंग ओलावा पिऊन सुटते. अशा इंजिनाला सेल मारण्याआधी तेल-पाणी बदलून, बोल्ट तपासून, हाताने क्रँक फिरवून पाहावा लागतो. बऱ्याच ठिकाणी सगळा गॅस्केट सेटच बदलावा लागतो. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले, तेव्हा कामावर घेण्याजोग्या जुन्या ट्रकांपुढे हीच दुरुस्ती उभी होती.

पेडण्याची वाट वेगळी गेली. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून वाहतुकीला खुला झाला, महामार्ग रुंद झाला, आणि हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर भाड्याच्या मोटरसायकली व टॅक्सींचे काम वाढले. ही इंजिने लहान, सांधे ताठ आणि लेप पातळ. बुलेटच्या क्रँककेसचे दोन अर्धे पूर्वी शेलॅकने जोडले जात, आता राखाडी सिलिकॉनची दोऱ्याएवढी वात पुरते. नव्या चारचाकींच्या टायमिंग कव्हरचे आणि चेंबरचे पॅकिंग कापून मिळत नाही, कारण ते कापीव नसतेच. ते उघडल्यावर पुन्हा लेपच लावावा लागतो, आणि तो कोणता हे गाडीच्या पुस्तकात क्रमांकासह दिलेले असते.

हातोडीने पॅकिंग ठोकून कापणे अजून नामशेष झालेले नाही. जुने पंपसेट, मासेमारीच्या होड्यांची डिझेल इंजिने आणि ज्यांचा सेट बाजारात मिळत नाही अशा गाड्या यांना त्यावाचून गत्यंतर नाही. तेथे कागदाचा जाड-पातळपणा पाहून घेणे, भोके आधी आणि कडा नंतर कापणे, लेप दोन पातळ हातांत देणे या जुन्या रीती तशाच चालतात. फक्त शेलॅकच्या बाटलीच्या जागी बहुधा सिलिकॉनची ट्यूब असते.